'पायथन' ह्या आज्ञेचा अर्थ : एका नामनिर्देशाचा इतिहास (१९७९–२०२२)

१. विषयप्रवेश

संगणकाच्या कमांड लाइनवर एखाद्या भाषेचे नाव लिहून कळ दाबली असता त्या भाषेची नेमकी कोणती आवृत्ती चालू होते, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यवहाराचा भासतो. एखादी ओळ बदलावी, एखादा दुवा फिरवावा आणि काम भागवावे, अशीच त्याकडे पाहण्याची सर्वसाधारण रीत आहे. परंतु २००८ ते २०२० ह्या बारा वर्षांत 'पायथन' ह्या एका नावावरून जो दीर्घ वाद चालला, त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे ही रीत अपुरी असल्याचे ध्यानात येते. ह्या वादात भाषेचे कर्ते, ऑपरेटिंग सिस्टिमची वितरणे सिद्ध करणारे गट आणि दैनंदिन काम करणारे प्रोग्रॅमकार असे तीन पक्ष होते. तिघांचाही त्या नावावर काही ना काही हक्क होता, आणि तिघांचेही हक्क एकाच वेळी मान्य होण्याजोगे नव्हते.

ह्या गोंधळाचे कारण सामान्यतः असे सांगितले जाते की, पायथन भाषेची तिसरी आवृत्ती दुसरीशी सुसंगत नव्हती, म्हणून हे सारे घडले. हे विधान खोटे नाही. परंतु ते पुरते नाही. विसंगत आवृत्त्या इतर भाषांतही निघाल्या आहेत. परंतु त्या प्रत्येक वेळी भाषेच्या नावाचा अर्थच संशयित झाला असे नाही. पायथनच्या बाबतीत तसे घडले ह्याचे मूळ भाषेच्या अंतर्रचनेपेक्षा युनिक्समधील नामनिर्देशाच्या एका जुन्या पद्धतीत शोधावे लागते. ती पद्धत १९७९ पासून जवळजवळ तशीच चालत आली आहे. तिचा आणि पायथनच्या दोन रूपांचा मेळ कसा बसला नाही, व शेवटी तोडगा कोणत्या दिशेने निघाला, हे क्रमाने पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. नाव आणि मार्ग

वापरणाऱ्याने लिहिलेली आज्ञा वाचून तदनुसार प्रोग्रॅम चालविणाऱ्या मध्यस्थास 'शेल' म्हणतात. ही संज्ञा लुई पूझँ ह्या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास योजिली. पुढे बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आकारास आली, तेव्हा शेल हा तिच्या गाभ्याचा भाग न राहता इतर प्रोग्रॅमांसारखाच एक प्रोग्रॅम ठरला. आज्ञेचे नाव म्हणजे एखाद्या फाइलीचे नाव, हा संकेत तेव्हापासूनचा आहे. आज्ञांची निराळी नोंदवही युनिक्सने ठेवली नाही. फाइल जेथे असेल तेथे ती शोधावयाची आणि सापडली की चालवावयाची, एवढाच नियम होता.

फाइल कोठे शोधावी, ह्याचे निश्चित उत्तर १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीने दिले. त्या आवृत्तीत स्टीफन बोर्न ह्यांचा शेल आला, आणि प्रत्येक चालू प्रोग्रॅमबरोबर काही नामांकित मूल्यांचा संच देण्याची सोयही आली. ह्या संचातील 'पाथ' नावाच्या मूल्यात डिरेक्टऱ्यांची यादी असते. शेल त्या यादीत डावीकडून उजवीकडे जातो. विचारलेल्या नावाची चालविण्याजोगी फाइल ज्या डिरेक्टरीत प्रथम आढळेल, तीच चालविली जाते आणि शोध तेथेच थांबतो.

ह्या नियमाची तीन लक्षणे पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की, त्यात आवृत्तीची कल्पनाच नाही. शेल नावाची अक्षरे जुळवितो. त्या नावामागे कोणत्या वर्षाचा वा कोणत्या क्रमांकाचा प्रोग्रॅम आहे ह्याची तो चौकशी करीत नाही. दुसरे असे की, अर्थ क्रमावर अवलंबून असतो. तीच दोन डिरेक्टऱ्या उलट क्रमाने लिहिल्या, तर त्याच आज्ञेचा अर्थ पालटतो. तिसरे असे की, हे मूल्य जनक प्रोग्रॅमकडून त्याच्या अपत्यास वारशाने मिळते. सर्व संगणकासाठी ते एकच नसते. त्यामुळे माणसाने स्वतः कमांड लाइनवर चालविलेला प्रोग्रॅम आणि ठरलेल्या वेळी 'क्रॉन' ह्या सेवेने चालविलेला तोच प्रोग्रॅम ह्यांना निरनिराळे 'पाथ' मिळू शकतात. एकाच यंत्रावर, एकाच वापरणाऱ्याच्या हातून, एकाच नावाने दोन भिन्न आवृत्त्या चालू होण्याचा संभव ह्या तिसऱ्या लक्षणात आहे.

ह्यानंतर लवकरच आणखी एक दुवा जोडला गेला. जानेवारी १९८० मध्ये डेनिस रिची ह्यांनी असा बदल सुचविला की, एखाद्या फाइलीची पहिली दोन चिन्हे '#!' अशी असतील, तर त्यापुढे लिहिलेला प्रोग्रॅम गाभ्याने चालवावा आणि ती फाइल त्याच्या स्वाधीन करावी. ही सोय बर्कलीच्या युनिक्समधून सर्वत्र पसरली. परंतु ह्या पहिल्या ओळीत 'पाथ' पाहण्याची सोय नव्हती. प्रोग्रॅमचा संपूर्ण पत्ता द्यावा लागे. यास्तव '/यूएसआर/बिन/एन्व्ह' ह्या साहाय्यक प्रोग्रॅमचा पत्ता देऊन त्यापुढे भाषेचे केवळ नाव लिहिण्याची युक्ती रूढ झाली. 'एन्व्ह' ते नाव 'पाथ'मध्ये शोधून देतो. अशा रीतीने पहिली ओळ लिहिण्याचे दोन प्रकार झाले. '/यूएसआर/बिन/पायथन' असा पूर्ण पत्ता लिहिणारा, ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेली प्रत मागतो. 'एन्व्ह पायथन' असे लिहिणारा, वापरणाऱ्याने पुढे ठेवलेली प्रत मागतो. नाव दोन्हीकडे एकच. परंतु त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार पहिल्या प्रकारात व्यवस्थेकडे जातो, दुसऱ्यात व्यक्तीकडे.

३. एका भाषेची दोन रूपे

खिदो फान रोसम ह्यांनी ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत १९८९ च्या नाताळात पायथनच्या रचनेस आरंभ केला, आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती प्रसिद्ध केली. जानेवारी १९९४ मध्ये आवृत्ती १.० आणि ऑक्टोबर २००० मध्ये २.० निघाली. ह्या काळात नवी आवृत्ती आली की जुन्या प्रोग्रॅमांपैकी बहुतेक सर्व तीवर तसेच चालत. त्यामुळे 'पायथन' ह्या नावाचा अर्थ 'ह्या यंत्रावरील पायथन' एवढाच होता. नेमका क्रमांक हवा असल्यास 'पायथन२.४' अशासारखे नाव उपलब्ध असे. परंतु त्याची गरज क्वचितच पडे.

३ डिसेंबर २००८ रोजी आवृत्ती ३.० प्रसिद्ध झाली, आणि तिने ही सलगता हेतुपुरस्सर मोडली. भाषेत साठलेले दोष दूर करण्यासाठी विसंगती पत्करावयाची, असा तिच्या कर्त्यांचा जाहीर संकल्प होता. येथे एक भेद करणे अवश्य आहे. काही बदल असे होते की, जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालविताच तो तत्काळ थांबे व चूक दाखवी. 'प्रिंट' हे पूर्वी विधान होते, ते फलन झाले. कंसावाचून लिहिलेले जुने 'प्रिंट' नव्या आवृत्तीस वाचताच येत नाही. असे बदल गैरसोयीचे खरे, परंतु ते फसविणारे नव्हते. दुसऱ्या प्रकारचे बदल अधिक बिकट होते; त्यांत प्रोग्रॅम विनातक्रार चाले आणि उत्तर मात्र निराळे देई. दुसऱ्या आवृत्तीत ७ ह्या पूर्णांकास २ ने भागले असता ३ हे उत्तर येते, तिसरीत ३.५ येते. सरासरी, प्रमाण वा टक्केवारी काढणाऱ्या प्रोग्रॅमात हा फरक लहान नाही.

मजकुराच्या बाबतीत फरक आणखी खोल होता, आणि देवनागरी लिपीत काम करणाऱ्यांस तो प्रत्यक्ष जाणवणारा होता. दुसऱ्या आवृत्तीतील साधा मजकूर हा बाइटांचा संच असे. युनिकोड मजकुरासाठी २००० मध्ये निराळा प्रकार दिला गेला होता, परंतु तो मागून घ्यावा लागे. तिसऱ्या आवृत्तीत साधा मजकूरच युनिकोड झाला. यूटीएफ-८ पद्धतीने साठविलेल्या फाइलीतून 'मराठी' हा शब्द वाचून त्याची लांबी विचारली असता पहिल्या व्यवस्थेत उत्तर १५ येते, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. दुसऱ्या व्यवस्थेत उत्तर ५ येते : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. वाचणारा माणूस तर तीनच अक्षरे मोजील. तिन्ही संख्या आपापल्या व्याख्येनुसार बरोबर आहेत. परंतु एखाद्या जुन्या ग्रंथातील शब्दांची सरासरी लांबी काढणाऱ्या अभ्यासकास १५ मिळाले की ५, हे त्याने लिहिलेल्या सूत्रावर नव्हे, तर 'पायथन' हे नाव त्याच्या यंत्रावर त्या दिवशी कोणाकडे बोट दाखवीत होते ह्यावर अवलंबून राहिले. आज्ञेच्या अर्थाचा प्रश्न निव्वळ सोयीचा राहत नाही तो ह्या ठिकाणी.

दोन्ही रूपे एकत्र नांदावीत म्हणून प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जुन्या प्रोग्रॅमाचे नव्यात रूपांतर करणारे '२टू३' हे साधन दिले गेले. एकच प्रोग्रॅम दोन्ही आवृत्त्यांवर चालावा म्हणून 'सिक्स' नावाचे साहाय्यक मॉड्यूल निघाले. दोन गुणिले तीन बरोबर सहा, हा त्याच्या नावाचा उलगडा. सप्टेंबर २०१२ मधील आवृत्ती ३.३ ने तर जुन्या पद्धतीचे युनिकोड चिन्ह पुन्हा मान्य केले, म्हणजे कर्त्यांनीच एक पाऊल मागे घेतले. तथापि ही सर्व साधने प्रोग्रॅमांच्या मजकुरावर काम करणारी होती. नावाचा अर्थ कोणता, ह्या प्रश्नास त्यांपैकी एकही हात घालीत नव्हते.

४. एका नावावरील तीन हक्क

नव्या आवृत्तीच्या कर्त्यांनी ह्या बाबतीत आरंभी संयम दाखविला. युनिक्ससदृश व्यवस्थेवर मूळ संचातून पायथन ३ बसविली असता ती 'पायथन' हे नाव आपणाकडे घेत नसे; 'पायथन३' असे क्रमांकयुक्त नाव धारण करी. ज्याच्याकडे आधीपासून नाव होते त्याच्याकडे ते राहू द्यावे, असे हे धोरण होते. परंतु जुन्या मालकाकडेच नाव ठेवावयाचे, तर नव्याने शिकणारा प्रत्येक विद्यार्थी 'पायथन' लिहून मागे पडलेल्या भाषेतच जाणार, ही त्याची दुसरी बाजू होती.

वितरणकर्त्यांचा हक्क निराळ्या प्रकारचा होता. अनेक लिनक्स वितरणांची स्वतःची यंत्रणाच पायथनमध्ये लिहिलेली होती. रेड हॅट परिवारातील 'यम' हे प्रोग्रॅम बसविण्याचे साधन हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या पहिल्या ओळीत '/यूएसआर/बिन/पायथन' असा पूर्ण पत्ता होता. सेंटओएसच्या पाचव्या आवृत्तीत तेथे पायथन २.४ होती, सहाव्या आवृत्तीत २.६, आणि ह्या वितरणांचे आयुष्य दहा वर्षांच्या घरातले असे. जुनी आवृत्ती गैरसोयीची वाटून एखाद्या व्यवस्थापकाने तो दुवा नव्या आवृत्तीकडे फिरविला, तर त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम चाले. परंतु 'यम' बंद पडे, कारण त्याची मॉड्यूले एका विशिष्ट आवृत्तीसाठीच मांडलेली असत. नवे प्रोग्रॅम बसविण्याचे साधनच असे निकामी झाले म्हणजे दुरुस्तीचा राजमार्गही बंद होई. ज्या नावास वापरणारा 'माझी भाषा' समजत होता, ते व्यवस्थेच्या दृष्टीने तिच्या आधारस्तंभाचे नाव होते.

डेबियन वितरणातही दुवे फिरविण्याची एक सर्वमान्य यंत्रणा उपलब्ध होती. संपादक, ब्राउझर इत्यादींसाठी समान नावामागे अनेक पर्याय ठेवून '/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज' ह्या डिरेक्टरीतील दुव्यांच्या द्वारे त्यांतून एक निवडण्याची सोय तेथे पूर्वीपासून आहे. 'पायथन' ह्या नावास मात्र ती लावण्यात आली नाही. त्यामागील विचार सयुक्तिक होता. दोन संपादक एकमेकांच्या जागी चालू शकतात. पायथन २ व ३ चालू शकत नाहीत. पर्याय म्हणविण्यास जी परस्परविनिमयता लागते, तीच येथे नव्हती. तरीही अनेक वापरणाऱ्यांनी ही यंत्रणा स्वतःच्या जबाबदारीवर 'पायथन'ला लावली आणि तिचे परिणामही भोगले.

ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्स ह्या वितरणाने कोंडी फोडली. नव्यात नवे ते प्रथम स्वीकारणे हे ह्या वितरणाचे ब्रीद. त्यास अनुसरून त्याने 'पायथन' हे नाव पायथन ३ ला दिले आणि जुन्या आवृत्तीस 'पायथन२' म्हटले. हा निर्णय त्या वितरणाच्या कक्षेत तर्कशुद्ध होता; परंतु त्याचा परिणाम कक्षेबाहेर गेला. जगभर प्रसृत असलेल्या ज्या अगणित प्रोग्रॅमांच्या पहिल्या ओळीत नुसते 'पायथन' होते, ते एका वितरणावर चालू लागले व दुसऱ्यावर बंद पडले. त्या ओळी बदलून 'पायथन२' करावे, तर तोपर्यंत ते नाव अनेक यंत्रांवर अस्तित्वातच नव्हते. दोन्ही ठिकाणी चालेल असे एकही नाव लेखकापाशी उरले नाही.

ह्या अडचणीतून मार्च २०११ मध्ये सुधारणा-प्रस्ताव क्रमांक ३९४ निर्माण झाला. केरिक स्टेली, निक कॉगलन आणि बॅरी वॉर्सॉ ह्यांची नावे त्याचे कर्ते म्हणून आहेत, आणि त्याचा विषयच मुळी युनिक्ससदृश व्यवस्थांवरील 'पायथन' ही आज्ञा हा होता. २०१२ मध्ये मान्य झालेल्या ह्या प्रस्तावाचे सार तीन कलमांत सांगता येते. 'पायथन२' म्हणजे दुसऱ्या मालिकेतील कोणतीही आवृत्ती, आणि 'पायथन३' म्हणजे तिसऱ्या मालिकेतील कोणतीही. क्रमांकरहित 'पायथन' तूर्त दुसरीकडेच राहावे. आणि ज्या प्रोग्रॅमास एकच मालिका चालते त्याने तिचे नाव स्पष्ट लिहावे. नुसते 'पायथन' दोन्हींवर चालणाऱ्यानेच लिहावे. हा प्रस्ताव शिफारसवजा होता. भाषेच्या कर्त्यांस वितरणांवर हुकमत चालविता येत नव्हती. ते केवळ संकेत सुचवू शकत होते. तथापि त्याचे मर्म असे की, अर्थ निश्चित करण्याचा भार क्रमांकरहित नावावरून काढून क्रमांकयुक्त नावावर टाकला गेला. वादग्रस्त नाव कोणाचे ह्याचा निवाडा लांबणीवर टाकून, त्याच्या वापराची गरजच कमी करण्यात आली.

५. निर्णयाचे स्थलांतर

ह्या जाहीर वाटाघाटी चालू असता व्यवहारात मात्र निराळाच प्रवाह वाहत होता. सबंध यंत्रासाठी एक अर्थ ठरविता येत नसेल, तर तो प्रत्येक कामापुरता ठरवावा, अशी त्याची दिशा होती.

इयन बिकिंग ह्यांनी २००७ मध्ये सिद्ध केलेले 'व्हर्च्युअलएन्व्ह' हे साधन ह्या प्रवाहाचा आरंभ मानता येईल. ते एका प्रकल्पासाठी स्वतंत्र डिरेक्टरी निर्माण करते. तीत 'पायथन' नावाचा प्रोग्रॅम व त्याची मॉड्यूले असतात. प्रकल्पाचे काम सुरू करताना त्या डिरेक्टरीस 'पाथ'च्या यादीत अग्रस्थान दिले जाते व काम संपताच ते काढून घेतले जाते. नवा नियम येथे कोणताही केलेला नाही. १९७९ च्या जुन्याच नियमाचा हा उपयोग आहे. प्रथम सापडेल ते खरे, हा जो दोष वाटत होता, तोच येथे उपाय झाला. पुढे आवृत्ती ३.३ मध्ये ही सोय भाषेच्या मूळ संचातच आली. विशेष असे की, अशा मर्यादित परिसरात 'पायथन' हे क्रमांकरहित नाव निःशंकपणे पायथन ३ ला दिले गेले. कारण तेथे त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता.

ह्याच्या पुढची पायरी रुबी भाषेच्या वर्तुळातून आली. तेथे अनेक आवृत्त्या एकाच यंत्रावर बाळगण्याची गरज तीव्र होती. 'आरव्हीएम' हे तेथील आधीचे साधन. डिरेक्टरी बदलण्याच्या 'सीडी' ह्या आज्ञेतच ते फेरफार करी, आणि ह्या हस्तक्षेपावर आक्षेप घेतला गेला. सॅम स्टीफनसन ह्यांनी २०११ मध्ये पुढे आणलेल्या 'आरबीएन्व्ह'ने निराळी युक्ती योजिली. 'पाथ'च्या आरंभी एकच डिरेक्टरी ठेवावयाची आणि तीत प्रत्येक आज्ञेच्या नावाचा एक छोटा मध्यस्थ प्रोग्रॅम ठेवावयाचा. आज्ञा झाली की शेलला तो मध्यस्थ सापडतो, आणि मग मध्यस्थ आवृत्ती ठरवितो. त्याचा क्रम निश्चित असतो : चालू सत्रापुरते सांगितलेले मूल्य प्रथम; ते नसल्यास चालू डिरेक्टरीतील, व तेथे नसल्यास तिच्या वरच्या डिरेक्टऱ्यांतील आवृत्ती-फाइल; तीही नसल्यास वापरणाऱ्याने सर्वत्र लागू केलेली निवड. हीच रचना पायथनसाठी 'पायएन्व्ह' ह्या नावाने अवतरली.

ह्या आवृत्ती-फाइलीचे महत्त्व तिच्या आकारावरून ओळखता येत नाही. तीत बहुधा एकच ओळ असते, आणि त्या ओळीत एक क्रमांक. परंतु ती प्रोग्रॅमाच्या मजकुराबरोबर साठविली जाते, त्याच्याबरोबर दुसऱ्या यंत्रावर जाते आणि तेथेही तोच अर्थ सांगते. आजवर जो अर्थ यंत्राच्या मांडणीत अध्याहृत होता, तो येथे प्रथमच लेखी झाला. शास्त्रीय लेखनात परिमाणे नमूद केल्यावाचून मोजमाप देत नाहीत, तद्वत् आवृत्ती नमूद केल्यावाचून प्रोग्रॅम देऊ नये, ह्या शिस्तीचा हा आरंभ होता.

विंडोज ह्या ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रश्नाची मांडणी वेगळी होती, कारण पहिल्या ओळीतील '#!' ह्या चिन्हांस तेथे काही अर्थ नव्हता. प्रस्ताव क्रमांक ३९७ अन्वये आवृत्ती ३.३ पासून 'पाय' नावाचा एक आरंभक तेथे देण्यात आला. तो प्रोग्रॅमाची पहिली ओळ स्वतः वाचतो व तदनुसार आवृत्ती निवडतो. आज्ञेबरोबर मालिकेचा क्रमांक दिल्यास तो प्रमाण मानतो. म्हणजे मध्यस्थ नेमून त्याच्याकडे निर्णय सोपविण्याची कल्पना दोन भिन्न व्यवस्थांत जवळजवळ एकाच सुमारास रुजली.

६. वादाची अखेर

पायथन २.७ ही जुन्या मालिकेतील शेवटची आवृत्ती जुलै २०१० मध्ये निघाली. तिला २०१५ पर्यंत आधार मिळावयाचा होता. एप्रिल २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. मुदतवाढीचे कारण उघड होते : स्थलांतर अपेक्षेपेक्षा मंद चालले होते. १ जानेवारी २०२० रोजी आधार संपला आणि एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ हा अंतिम संच प्रसिद्ध झाला.

ह्या तारखेच्या सावलीत वितरणांनी आपापले निर्णय घेतले, आणि ते एकसारखे नव्हते. मे २०१९ मधील रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीने क्रमांकरहित 'पायथन' मुळात दिलेच नाही. व्यवस्थापकाने हवे तर निवडावे असे ठेवले, आणि व्यवस्थेच्या स्वतःच्या कामासाठी निराळ्या ठिकाणी निराळ्या नावाची प्रत ठेवली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्रस्ताव ३९४ सुधारण्यात आला; हे नाव दुसरीला द्यावे, तिसरीला द्यावे, वगळावे की निवडीवर सोडावे, हे वितरणांनीच ठरवावे अशी मोकळीक त्यात देण्यात आली. ऑक्टोबर २०१९ मधील फेडोरा ३१ ने नाव पायथन ३ कडे दिले. एप्रिल २०२० मधील उबंटू २०.०४ ने ते आपणहून कोणाकडेच ठेवले नाही. त्याऐवजी दोन पॅकेजे पुढे केली, त्यांपैकी एकाचे नाव 'पायथन-इज-पायथन२' आणि दुसऱ्याचे 'पायथन-इज-पायथन३'. पॅकेजाचे नाव हेच येथे एक पूर्ण विधान झाले आहे. ते बसविणारा कोणताही नवा प्रोग्रॅम घेत नाही. तो केवळ एका व्याख्येस संमती देतो. ॲपल कंपनीने मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढून टाकली, आणि त्या व्यवस्थेतील 'पायथन' ही जुनी आज्ञाही तिच्याबरोबर गेली.

वाद संपला, परंतु त्यातून निघालेला धडा पुढेही उपयोगात आला. व्यवस्थेची पायथन व वापरणाऱ्याची पायथन ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे तत्त्व प्रस्ताव क्रमांक ६६८ ने स्पष्ट शब्दांत मांडले. त्यानुसार वितरणास आपली प्रत राखीव असल्याची खूण ठेवता येते, आणि मॉड्यूले बसविणारे साधन ती खूण पाहून वापरणाऱ्यास स्वतंत्र परिसर निर्माण करण्यास सुचविते. २०२३ मधील डेबियन १२ ने ही पद्धत स्वीकारली. 'यम' बंद पाडणाऱ्या व्यवस्थापकाची चूक ह्या नियमाने बऱ्याच अंशी अशक्य केली आहे.

७. निष्कर्ष

तुलनेसाठी पर्ल भाषेचे उदाहरण घेण्याजोगे आहे. लॅरी वॉल ह्यांनी २००० मध्ये पर्ल ६ ची घोषणा केली. ती आधीच्या पर्लशी विसंगत होती, किंबहुना पायथनच्या दोन रूपांहून तिचे अंतर कितीतरी अधिक होते. परंतु तिच्या आज्ञेचे नाव आरंभापासून 'पर्ल६' असे निराळे होते, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तर भाषेचेच नाव बदलून 'राकू' करण्यात आले. त्यामुळे 'पर्ल' ह्या आज्ञेचा अर्थ एकदाही संशयित झाला नाही. विसंगती मोठी असूनही तेथे नावाचा कलह उद्भवला नाही, आणि पायथनमध्ये विसंगती तुलनेने लहान असूनही तो उद्भवला. ह्यावरून विसंगती हे गोंधळाचे आवश्यक कारण असले, तरी पर्याप्त कारण नव्हे, हे सिद्ध होते. विसंगत रूपांनी एकाच नावावर हक्क सांगणे आणि नाव सोडविणाऱ्या यंत्रणेस आवृत्तीची जाण नसणे, ह्या दोन गोष्टी तीस मिळाव्या लागतात.

अर्थात् पर्लचा मार्ग निर्दोष होता असे ह्यावरून निघत नाही. नाव निराळे ठेवल्याने जुने प्रोग्रॅम सुरक्षित राहिले, परंतु जुन्या भाषेचा वापरणारा वर्ग नव्या भाषेकडे वळला नाही. पायथनने नाव राखले, बारा वर्षांचा ताप सोसला आणि अखेर आपला बहुतेक सर्व समाज नव्या रूपात आणला. नाव ही जशी ओळख असते तशी ती सातत्याची ग्वाहीही असते, आणि त्या ग्वाहीची किंमत ह्या प्रकरणात प्रामुख्याने वितरणकर्त्यांनी व लहान प्रोग्रॅमांच्या लेखकांनी श्रमरूपाने मोजली.

ह्या इतिहासातून निघणारी तिसरी गोष्ट अधिकाराविषयीची आहे. 'पायथन म्हणजे काय' ह्याचे सर्व यंत्रांस लागू पडेल असे एक उत्तर अखेरपर्यंत कोणीही दिले नाही, आणि २०१९ च्या सुधारणेने तर ते देण्याचा प्रयत्नच सोडला. त्याऐवजी उत्तर देण्याची जागा बदलली : यंत्राकडून प्रकल्पाकडे, गृहीतकाकडून लेखी क्रमांकाकडे. संगणकावर संख्या काढून त्यांवर सिद्धांत उभारणाऱ्या अभ्यासकास ह्याचा बोध स्पष्ट आहे. आज्ञेचे नाव हे प्रमाण नव्हे. ती आज्ञा कोणत्या मार्गाने कोणत्या आवृत्तीपर्यंत पोचली, हे नोंदविले नसेल, तर निघालेले उत्तर १५ की ५ ह्याचा निर्णय पुढे कोणास करता येणार नाही.